टीव्हीनं केलेली वाटणी

आमच्या घराची वाटणी टीव्हीनं केली.

त्याआधी तीन पिढ्यांत आमच्याकडे वाटणी झाली नव्हती. (वाटण्यासारखं काही नव्हतं, हा भाग वेगळा!) आई-बाबा अकोल्याला, मी आणि वैशाली नोकरीपायी अमरावतीला, पण घर एकच, असं बाबा येईल त्या पाहुण्याला ठणकावून सांगत. पुरावा म्हणजे माझं ओटीटीचं खातं. एकाच खात्यावर दोन्ही गावांत एकच मालिका चाले आणि दुपारी सासरे-सूनबाई फोनवर त्यातल्या कजाग जावेचा समाचार घेत.

एका सकाळी बाबांचा फोन आला.

"काहून रे गजा, आमी तुया घरचे नाही काय?"

"असं कोण म्हणालं?"

"टीव्ही! लिहूनच देल्लं त्यानं. ‘हा टीव्ही या घरातला नाही.’ तुयी माय सकाळपासून जेवली नाही."

(मागून आईचा आवाज: "खोटं नोका बोलू! दोन पोया खाल्ल्या मी!")

"बाबा, कंपनीचा नवा नियम आहे. एक खातं, एक घर."

"मंग आमचं घर कोनतं?"



मी घराण्यातला पहिला पदवीधर. बाबांनी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून मला एम.एस्सी. केलं. त्यामुळे मिक्सरपासून मोतीबिंदूपर्यंत मला सगळं कळतं, अशी घरच्यांची श्रद्धा आहे. ती टिकावी म्हणून मी घाईघाईनं नियम वाचले आणि म्हणालो, "तुमचा टीव्ही अधूनमधून माझ्या वायफायला जोडता आला असता, तर प्रश्नच नव्हता."

म्हणजे ‘आता नाद सोडा’ असं मला म्हणायचं होतं. पण सुशिक्षित माणूस सरळ बोलेल तर शपथ!

"येवढंच ना?" म्हणून बाबांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात प्रयोगवह्या तपासत होतो, तेव्हा पुन्हा फोन.

"बडनेऱ्याले उतरलो. ऑटो घेऊन ये. मोठा."

"मोठा कशाला?"

"टीव्ही आनला ना!"

मी धावतपळत स्टेशनवर पोहोचलो. बाकड्यावर बाबा बसले होते. शेजारी आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीत गुंडाळलेला आणि सुतळीनं करकचून बांधलेला आमचा टीव्ही.

"गर्दीत एवढा मोठा कसा आणलात?"

"काई तरास नाही झाला. एका बाईले वाटलं, देवाची तसबीर हाय. तिनं हात जोडले, मंग डब्यानं जागा करून देल्ली. खिडकीजवळची!"

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"कायले? तिची श्रद्धा काहून मोडू?"

ऑटोत मागच्या सीटवर बाबा आणि टीव्ही बसले. मी पुढे, ड्रायव्हरच्या सीटच्या उरलेल्या चार बोटांवर. अर्धा मी ऑटोत होतो, अर्धा अमरावती रस्त्यावर! वाटेत माझे दोन विद्यार्थी भेटले. त्यांनी नमस्कार केला, पण गोधडीला.

घरी आमच्या टीव्हीशेजारी अकोल्याचा टीव्ही उभा केला. वैशालीनं त्याला हळदीकुंकू तेवढं लावलं नाही. वायफाय जोडलं. पडद्यावर आलं, ‘मोबाइलवर पाठवलेला कोड टाका.’ मी मोबाइल हातात धरून बसलो. पाच मिनिटं गेली. काही नाही!

तेवढ्यात बाबांच्या खिशात टिंग झालं.

अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी आमच्या घरात एकच मोबाइल होता, बाबांचा. तेव्हापासून शिष्यवृत्ती, वसतिगृह, परीक्षा, नोकरी, प्रत्येक अर्जावर माझा हात आपोआप तोच नंबर लिहितो. हे खातं काढतानाही त्यानं तेच केलं होतं.

"अजून मायाच नंबर देतं काय बे?" बाबा म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. टीव्ही म्हणाला, ‘घरात स्वागत आहे.’ बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

तसबीर परत गोधडीत गेली आणि अकोल्याला पोहोचली. आठवडाभर सगळं सुरळीत. मग रविवारी मालिकेचा शेवटचा भाग आला. वैशाली पोह्यांची ताटली घेऊन बसली, मी रिमोट दाबला, आणि आमच्या टीव्हीवर आलं, ‘हा टीव्ही या घरातला नाही.’

मी अकोल्याला फोन लावला.

"बाबा, तुम्ही काही दाबलं का?"

"हाव. टीव्हीनं इचारलं, ‘हेच तुमचं मुख्य घर आहे का?’ म्या ‘हो’ दाबलं. मंग मायाच फोनवर कोड आला, टाकला. काहून? खोटं सांगू काय?"

"तसं नाही, पण इकडचं बंद झालं ना!"

"होऊन जाऊ दे. तू घाबरू नोको. तू घरचाच हायेस, आमी वाटनी मानत नाही."

तेव्हापासून स्वतःच्या घरात, स्वतःच्या दिवाणावर लोळत मी ‘मी प्रवासात आहे’ हे बटण दाबतो आणि कोडसाठी अकोल्याला फोन लावतो. तिकडून आधी चौकशी होते. जेवला काय? वह्या तपासल्या काय? सूनबाईशी भांडला तं नाही? उत्तरं समाधानकारक असली, तर कोड मिळतो.

एम.एस्सी. झालो, प्राध्यापक झालो. पण टीव्ही मात्र अकरावीत पाहायचो तसाच पाहतो. आधी अभ्यास, मग बाबांची परवानगी!