बायलामामांचा सिलोनी ठेका

तेर गावच्या बँडमध्ये ताशा वाजवणाऱ्या माझ्या मामांना गाव 'बायला' म्हणायचं आणि ते हसून ओ द्यायचे. आमच्याकडे ही शिवी. मामा म्हणायचे, "हसा लेकानो. सिंहली लोकांत बायला म्हंजे नाचायचं गाणं."

ते गाणं त्यांना सिरीनं दिलं. मामा आखातात सेंट्रिंगच्या कामावर होते, तेव्हा श्रीलंकेचा हा गडी त्यांच्या खोलीत राहायचा. सुट्टीच्या दिवशी तेलाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन तो सहा मात्रांचा झुलता ठेका धरी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेची माणसं गुलाम करून जहाजांतून लंकेत आणली. त्यांच्या आणि पोर्तुगीजांच्या गाण्यांतून हा नाच उपजला, हेही त्यानंच सांगितलेलं. मामा त्यात आपली भर घालायचे, "रडायची मुभा नव्हती, म्हनून नाचले बिचारे."

माझ्या वरातीत मी हट्टानं तोच ठेका मागितला. पोरं बेभान नाचली. मामा मध्येच थांबले आणि ताशा उतरवून रस्त्याच्या कडेला बसले.

चार दिवसांनी विचारलं, तेव्हा बोलले. सिरी परांचीवरून पडून जागीच गेला होता. घरी कळवायचं काम मामांवर आलं. फोनवर त्याची आई आली. मामांच्या तोंडून 'सिरी' एवढंच फुटलं. ती काहीबाही विचारत राहिली. "म्या फोन ठिवला. सांगितलंच न्हाय रं."

नंबर त्यांना पाठ होता. मी माझ्या मोबाइलवरून लावला. सिरीची बहीण बोलली. तीही आखातात घरकाम करून आलेली, मोडकं हिंदी यायचं. आई वारून दोन वर्षं झाली होती. "पण अम्माला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "फोनवर तुमचे मामा रडत होते ना."

मी सांगितलं. मामा फोनजवळ सरकले. मग म्हणाले, "इचार तिला, घरात बायला कुनी गातंय का अजून?"

मी विचारलं. ती म्हणाली, सिरी गेल्यापासून कुणीच नाही. अम्मानं घरात गाणं लावूच दिलं नाही.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"व्हय म्हणती, मामा. तिचा पोरगा लई छान गातो."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच त्यांनी डोळे पुसले.

पुढच्या महिन्यात मामा गेले. सिरीच्या बहिणीनं फोनवर खरं काय सांगितलं, ते मी मामींनाही अजून बोललेलो नाही.