बांगडीतली पिन

नवे बूट, घाम टिपणारा टी-शर्ट, पावलं मोजणारं घड्याळ अशा जय्यत तयारीने मी सकाळी मैदानावर गेले. शेजारी साठीच्या एक बाई आपलं मंगळसूत्र पंजाबी ड्रेसला पिनेने अडकवत होत्या. मी बघतेय म्हटल्यावर हसल्या, "धावताना उडतं गं, हनुवटीला लागतं."

मग त्यांना माझी मूठ दिसली. नव्या पँटला खिसाच नव्हता, म्हणून घराची किल्ली मी हातातच धरली होती. त्यांनी बांगडीतली दुसरी पिन काढली आणि किल्ली माझ्या कमरेशी अडकवून दिली. "हं, आता पळ मोकळी."

दुकानदाराने माझ्या पायांचं माप दोनदा घेतलं होतं. हातांचं काय, हे त्याला सुचलं नाही, मलाही नाही.

दुसऱ्या फेरीत लक्षात आलं, किल्ली कमरेला आहे आणि मूठ अजून मिटलेलीच आहे.