दातवाल्यांच्या मुलीचा प्रवेश

दातवाल्यांनी सत्तावीस वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास दात केले होते आणि त्यांतला एकही कुणाच्या तोंडात बसलेला पाहिला नव्हता. धंद्याची रीतच तशी. दवाखान्यात डॉक्टर किडलेला दात कोरतो, त्याचं माप घेतो, ते माप प्लास्टिकच्या डब्यातून दातवाल्यांकडे येतं. दातवाले त्यात प्लास्टर ओतून साचा काढतात, साच्यावर सिरॅमिकची कॅप चढवतात, भट्टीत भाजतात, घासून तिला चमक आणतात आणि डबा परत पाठवतात. डब्यावर पेशंटचं नाव नसतं, नंबर असतो. कॅप बसली की पेशंट आरशात बघून हसतो आणि आभार मानतो डॉक्टरचे. दातवाल्यांकडे परत येतं ते फक्त बिघडलेलं काम, सोबत चिठ्ठी: ‘पुन्हा करा.’

लॅब म्हणजे राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. कामाचं टेबल खिडकीला लागून, कारण दाताचा रंग दिव्याखाली जुळवला तर फसतो. टेबलावर भिंगाचा दिवा, वाटीत पाणी, तीन बारीक ब्रश आणि सगळ्यांवर पांढरी धूळ. ती धूळ दातवाल्यांच्या भुवयांवर, चपलांवर आणि गेली काही वर्षं छातीतही होती. गल्लीत त्यांना दातवाले म्हणत. रागात असली की बायकोही म्हणायची, “विचारा आमच्या दातवाल्यांना, त्यांना सगळं कळतं.”

मुलगी, घरातली छोटी, अकराव्या वर्षापासून या टेबलाशी बसत आलेली. मेणाचा दात कोरायला दातवाल्यांना वीस मिनिटं लागत, तिला पंधरा. बापलेकीचा एक खेळ होता. डबा उघडायचा, आतलं माप बघायचं आणि ते घेणारा डॉक्टर कुठे शिकला असेल ते ओळखायचं. गावात दंतवैद्यकाची दोनच कॉलेजं, एक सरकारी विद्यापीठाचं, एक खासगी विद्यापीठाचं. सरकारीवाल्याच्या मापात दाताची कड दोऱ्यासारखी सलग उमटलेली असायची. खासगीवाल्याच्या मापात बुडबुडे, कड फाटलेली, कधी पेशंटच्या जिभेचाच ठसा. छोटी दहांतली नऊ मापं बरोबर ओळखायची.

“कसं गं कळतं तुला?”

“सोपं आहे बाबा. ह्यानं माप घेतलंय. त्यानं फी घेतलीय.”

दातवाले खोकला येईपर्यंत हसायचे.

त्या वर्षी छोटीला दोन्हीकडे प्रवेश मिळाला. सरकारीत गुणवत्ता यादीत वरून एकोणिसावी. तिथली वर्षाची फी दातवाले महिनाभरात कमावत. खासगीची पाच वर्षांची फी भरायची तर पुढच्या दोन खोल्या विकून त्यांतच भाड्यानं बसावं लागणार होतं. घरात प्रश्न फक्त पेढे कुठून आणायचे एवढाच आहे, असं मायलेकींना वाटत होतं. दातवाले म्हणाले, “खासगीत जाईल ती.”

बायकोनं हातातली ताटली खाली ठेवली. “काय म्हणालात?”

“ऐकलंस ते.”

“डोकं ठिकाणावर आहे ना? स्वतःच सांगता, त्या पोरांना माप घेता येत नाही म्हणून!”

“नाही येत. पण त्यांच्या दवाखान्यांना काचेची दारं आहेत. माप चांगलं घेणारे कुठे बसलेत, बघून ये एकदा.”

हे ते उगाच बोलत नव्हते. त्यांच्याकडे सर्वांत देखणं माप यायचं ते जिन्याखालच्या डॉक्टरांकडून. सरकारीतून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेला हा माणूस एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली दवाखाना थाटून बसला होता. वरून कुणी चालत गेलं की पेशंट दचकायचे. आणि सगळ्यांत गचाळ माप यायचं काचवाल्या डॉक्टरकडून. तो खासगीत शिकलेला. त्याच्या दारात दोन गाड्या, आत मासे सोडलेली काचेची पेटी. जिन्याखालचे डॉक्टर कॅपचे पैसे दोन हप्त्यांत द्यायचे. काचवाला एकदम द्यायचा, पण दातवाल्यांशी स्वतः कधी बोलायचा नाही. रिसेप्शनवरची मुलगी बोलायची.

छोटीनं मध्यस्थीला जिन्याखालच्या डॉक्टरांनाच आणलं. ते आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, “दातवाले, वेडेपणा करू नका. सरकारीत सकाळी आठला पेशंटची रांग लागते. पोरगी पास होईपर्यंत दोनशे दात काढेल. तिकडे प्लास्टिकच्या डोक्यावर शिकवतात. त्या डोक्याला ना रक्त येतं, ना ते ओरडतं.”

“खरं आहे डॉक्टर.”

“मग झालं तर!”

“तुम्ही किती काढलेत शिकताना?”

“तीनशेच्या वर,” डॉक्टर जरा ताठ बसले.

“आणि बसलात कुठे?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग ओशाळं हसून म्हणाले, “भाडं कमी आहे हो तिथे.” चहा अर्धा ठेवून ते गेले. बायको म्हणाली, “शोभलं तुम्हाला.” दातवाले म्हणाले, “मी खोटं बोललो का?” खोटं ते बोललेच नव्हते.

तरीही बाप डळमळत होता. दोन खोल्या म्हणजे त्याच्या सत्तावीस वर्षांची कमाई. खासगी विद्यापीठात पालकांना भेटीला बोलावलं होतं, त्या दिवशी तो छोटीला घेऊन गेला, ते नुसतं बघायला म्हणूनच.

हिरवळ, कारंजं, गार हवेचा हॉल. दातवाल्यांनी कारंज्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते सवयीनं लोकांच्या तोंडाकडे बघत होते. रखवालदारापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांचे दात जागच्या जागी. सरकारी कॉलेजात चौकशीच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनाच्या दातावरच्या कॅपची कड काळी पडलेली त्यांनी पाहिली होती. दातांच्या कॉलेजातल्या माणसाच्या तोंडात काळी कड! ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

प्रवेशाधिकारी बाई त्यांच्या टेबलाशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि हसल्या. दातवाल्यांच्या हातातलं माहितीपत्रक तसंच राहिलं.

समोरच्या दोन दातांच्या डावीकडचा तो दात दातवाल्यांच्या हातचा होता.

यात चूक होणं शक्य नव्हतं. काचवाल्या डॉक्टरकडून हे काम तीनदा परत आलं होतं. पहिल्यांदा चिठ्ठी: ‘फार पांढरा.’ दुसऱ्यांदा: ‘फार पिवळा.’ तिसऱ्यांदा: ‘खोटा वाटतो.’ तेव्हा दातवाल्यांनी दोन दिवस बाकी सगळी कामं बाजूला सारली. दात किंचित वळवला, टोकाशी निळसर झाक दिली, मधे लहानपणीच्या तापाचा असावा तसा एक पांढरा ठिपका ठेवला, आणि एका ठिकाणी केसाएवढी रेघ. चौथ्यांदा काम परत आलं नाही. शाबासकीही आली नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं फोनवर सांगितलं, पुढच्या वेळी इतका वेळ लावू नका.

तोच ठिपका, तीच रेघ. बाई बोलत होत्या, परदेशी प्राध्यापक, नोकरीची हमी, वसतिगृह, आणि त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर तो दात ओठांमधून दिसत होता. हिरडी त्याच्याभोवती गुलाबी, निरोगी बसली होती. दातवाल्यांना बाईंचं म्हणणं निम्मंही कळलं नाही, पण सगळं पटलं. ज्या तोंडात आपला दात इतका सुखात आहे ते तोंड आपल्याला फसवणार नाही, असा त्यांनी हिशेब केला. आजवर बाजारात हजार ठिकाणी ठेचकाळलेला हा सावध माणूस. पण स्वतःच्या कामापुढे त्याची अक्कल चालली नाही.

घरी येताना छोटी म्हणाली, “बाबा, तिथला दवाखाना बघितलात? खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. पेशंट येतच नाहीत तिथे.”

“नवीन आहेत खुर्च्या.”

“चार वर्षांपूर्वीच्या आहेत. पाटी लावलीय त्यावर.”

“जपून वापरतात मग.”

तिनं बापाकडे नीट बघितलं.

सरकारी जागा पक्की करायची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. अर्जावर पालकाची सही लागत होती आणि छोटीला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. बायको सही करायला तयार होती, पण फॉर्मवर वडिलांचं नाव पडलं होतं आणि खिडकीवरचा कारकून ऐकायला तयार नव्हता. शुक्रवारी दुपारी अडीचला छोटी फॉर्म घेऊन टेबलापाशी आली.

“बाबा, सही.”

“भट्टी चालू आहे. मधेच उठता येत नाही.”

ते खरं होतं. दात भाजायला अठरा मिनिटं लागतात, आणि बाहेर काढायला क्षणभर उशीर झाला तरी तो काचेसारखा वितळून गुळगुळीत होतो. घरातली लहानसहान कामं, पाहुणे, एकदा तर सासऱ्यांचं आजारपणही या अठरा मिनिटांसाठी थांबलं होतं. छोटी स्टुलावर बसली. घंटी वाजली, दातवाल्यांनी चिमट्यानं ट्रे काढला, दुसरा आत सरकवला, बटण दाबलं.

“बाबा.”

“बघतेस ना, दुसरा लावलाय.”

तीन वाजले. साडेतीन झाले. बायको दाराशी येऊन उभी राहिली. “अहो, एक सही करायला किती वेळ लागतो? हात आहे का काय आहे तुमचा?”

“काम आहे.”

“काम! पोरीच्या नशिबावर बसून काम करताय.”

घंटी, ट्रे, बटण. छोटीनं फॉर्म मांडीवर सरळ धरला होता, घडी पडू नये म्हणून. चारच्या सुमारास ती उठली, वाकली आणि भट्टीच्या छोट्या काचेतून आत बघितलं. आत लाल उजेड होता आणि रिकामा ट्रे.

ती परत स्टुलावर बसली. दातवाल्यांना कळलं की तिनं पाहिलं. तिला कळलं की त्यांना कळलं. तरीही घंटी वाजल्यावर त्यांनी रिकामा ट्रे चिमट्यानं अलगद बाहेर काढला, निवायला ठेवला आणि दुसरा रिकामा ट्रे आत सरकवला. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी भट्टी बंद केली, हात धुतले आणि म्हणाले, “आण तो कागद.”

छोटीनं फॉर्म दिला. त्यांनी ठळक अक्षरांत सही केली. त्या कागदाला आता काही अर्थ नव्हता, म्हणूनच केली असावी. आपण नकार दिला असं कुणी म्हणायला नको होतं त्यांना.

महिन्याभरात पुढच्या दोन खोल्या विकल्या गेल्या. घेणारा भला होता, भाडं वेळेवर दिलं तर टेबल हलवायला सांगणार नव्हता. पहिल्या वर्षाची फी भरली गेली. जिन्याखालच्या डॉक्टरांचे डबे येतच राहिले. मापं पूर्वीसारखीच स्वच्छ, फक्त ते डब्यात दर वेळी टाकायचे ती ‘कसे आहात?’ची चिठ्ठी बंद झाली.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी पालकांना सोबत बोलावलं होतं. दातवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. भुवयांतली धूळ मात्र कितीही धुतली तरी जात नव्हती. हॉलच्या दाराशी प्रवेशाधिकारी बाई उभ्या होत्या, भोवती आठदहा पालक, नव्या मुलामुलींचा घोळका. दातवाल्यांना वसतिगृहाबद्दल विचारायचं होतं. दोघींच्या खोलीऐवजी चौघींची मिळाली तर पैसे थोडे कमी लागले असते. पण सुरुवात कुठून करायची ते त्यांना कळेना, आणि ओळख दाखवायला त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती.

“मॅडम,” ते कौतुकानं म्हणाले, “तुमचा हा वरचा डावीकडचा दात आहे ना, तो माझ्या हातचा. मी केलाय.”

बाईंचा हात तोंडाकडे अर्धा गेला आणि थांबला. पालक बघत होते. एक मुलगा फिसकन हसला.

“तुमची काहीतरी गल्लत होतेय,” बाई म्हणाल्या. “माझे सगळे दात माझे स्वतःचे आहेत.”

“नाही हो, तीनदा परत आला होता तो. बघा, मधे पांढरा ठिपका...”

“अहो, काय बोलताय तुम्ही?” बाईंचा आवाज चढला. “कोणाचे पालक आहेत हे?”

दातवाल्यांनी छोटीकडे बघितलं. तिला एक नजर पुरेशी होती, तो दात घडताना ती टेबलाशीच होती, तिनं तो अंधारातही ओळखला असता. तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं, मग भोवतालच्या तोंडांकडे, ज्यांच्याबरोबर तिला पाच वर्षं काढायची होती.

“माझे वडील आहेत, मॅडम. सॉरी.” ती हसली, अगदी मोकळं. “दातांचं काम करतात ना, त्यांना सगळ्यांच्या तोंडात आपलंच काम दिसतं. परवा आमच्या वाण्यालाही म्हणत होते.”

सगळे हसले. बाईही हसल्या, सुटका झाल्यासारख्या, आणि तो दात पुरता उघडा पडला. दातवालेही हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

“हुशार आहे हं तुमची मुलगी,” बाई त्यांना म्हणाल्या, आणि छोटीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत चला म्हणाल्या.

छोटी दोन पावलं गेली आणि परत आली. दातवाले सरसावले, त्यांना वाटलं, पाया पडायला आली असेल, निदान येते म्हणायला. ती त्यांच्या कानाशी वाकली.

“दात तुमचाच आहे,” ती हळूच म्हणाली. “पण टोकाची निळी झाक जास्त झालीय. खोटा आहे ते लांबून कळतं.”

आणि ती आत गेली. त्या दाराच्या पुढे पालकांना सोडत नव्हते.