डॉक्टर आतच आहेत

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टरांची सगळी नोकरी झाली. हाताखालच्या पोरी त्यांना पाठीमागे ‘कडक इस्त्री’ म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणी हात न धुता आत आलं, की त्या आवाज न चढवता नुसत्या बघत. माणूस मुकाट्यानं मागे फिरे. एवढी धीट बाई, पण रविवारी दुपारी तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

कारण रविवारी तज्ज्ञ डॉक्टर सकाळी बाळं तपासून घरी जात. मागे उरत नर्स आणि एखादा शिकाऊ डॉक्टर. अशाच एका दुपारी ओंजळीत मावेल एवढं एक बाळ अचानक निळं पडलं. फुप्फुसातून निसटलेली हवा छातीत कोंडली होती, ती सुईनं काढायला हवी होती. शिकाऊ डॉक्टरनं सुई हातात घेतली, पण हे त्यानं कधी केलेलं नव्हतं. फोन कानाशी धरून तो विचारत होता, “सर, कुठवर आलात?” सर रेल्वेच्या फाटकापाशी अडकले होते. ते धावत पोचले तेव्हा सिस्टर बाळाला पांढऱ्या कापडात गुंडाळत होत्या. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही सरांना सुचलं नाही.

सिस्टर निवृत्त झाल्या, पण धास्ती काही निवृत्त झाली नाही. दारावरची बेल वाजली तरी त्या दचकून उठत.

मग भाचीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. बहीण गेल्यापासून सिस्टरच तिची आई. बाळ जन्मलं आणि थेट त्याच विभागात गेलं, श्वासाच्या यंत्रावर. रविवारी दुपारी दोघी काचेबाहेर बसल्या होत्या. काचेच्या या बाजूला बसायची सिस्टरांची ही पहिलीच वेळ.

“मावशी, रंग बरा दिसतोय ना गं?”

“दिसतोय की.”

तेवढ्यात आतलं यंत्र कोकलायला लागलं. बाळाचा रंग उतरला. तोच निळा. सिस्टरांनी ताडकन उठून दार ढकललं, तर त्यांच्याच हाताखाली शिकलेली नर्स आडवी आली.

“सिस्टर, बाहेर थांबा.”

“फोन लावलास का? आधी फोन लाव! फाटक बंद असलं तर...”

“कुणाला फोन? मॅडम आतच आहेत.”

“कोण मॅडम?”

“बाळांच्या तज्ज्ञ. आता चोवीस तास एक जण इथंच असतो. रविवारीसुद्धा.”

सिस्टरांचा विश्वास बसेना. काचेला नाक लावून त्या बघत राहिल्या. शेजारच्या बाळापाशी उभी असलेली एक बुटकी बाई वळून दोन पावलांत भाचीच्या बाळापाशी आली. तिनं बाळाच्या छातीला बॅटरी लावली, एक बाजू लालभडक उजळली, म्हणजे हवा तिथंच कोंडली होती. सुई आत गेली. भाची हात गच्च धरून म्हणत होती, “काय चाललंय? मावशी, बोल ना!” शेकडो आईबापांना समजावणाऱ्या सिस्टर त्या सुईवरची नजर काढत नव्हत्या.

मॅडम बाहेर आल्या. “हवा साठली होती, काढलीय. धोका अजून टळलेला नाही. पण मी इथंच आहे, आणि दुसरे डॉक्टर आल्याशिवाय हलणार नाही.”

भाची रडायला लागली. सिस्टरांना मात्र संताप आला. “मग हे तेव्हा का नव्हतं?” त्या ओरडल्याच.

‘तेव्हा’ म्हणजे केव्हा, हे मॅडमना कुठून कळणार? “असायला हवं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या. सिस्टर भिंतीला टेकून हुंदके देत राहिल्या.

बाळ वाचलं, घरी आलं, आता चांगलं बाळसं धरलंय. तरी ते जरा निपचित झोपलं, की सिस्टर त्याच्या नाकापाशी बोट धरतात.

“मावशी, अगं झोपू दे त्याला!”

“झोपू दे की. मी कुठं उठवतेय?” म्हणतात, आणि तिथून हलत नाहीत.