सदऱ्याची दुसरी गुंडी

माझी मावसबहीण मीना वनरक्षक आहे. परवा तिच्याबरोबर सागवनात गेले होते. दोरीने आखलेल्या चौकोनात झाडं किती, प्रत्येकाचा घेर किती, हे मोजायचं होतं. दाटी फार झाली असेल तर काही झाडं काढून विरळणी करतात.

घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा असतो. सोमामामा जुने वनमजूर. ते मापाची काठी वापरत नाहीत. सदऱ्याची दुसरी गुंडी हीच त्यांची खूण. एका झाडाला टेप लावता लावता ते थबकले. मागच्या मोजणीत, बऱ्याच वर्षांपूर्वी, त्यांनीच मारलेला पांढरा पट्टा आता त्यांच्या गळ्याशी आला होता.

“झाडासंगं पट्टाही वर गेला नं, पोरी,” ते हसून म्हणाले.

झाड उंच होतं ते शेंड्याला. खोडावरची खूण जिथल्या तिथेच राहते. सारा जन्म जंगलात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? पण म्हातारपण आपल्याला असंच तर कळतं. आधी जिना उंच होतो, मग बाजार लांब जातो, मग लोक फार हळू बोलायला लागतात. आपण मात्र होतो तसेच असतो.

“मग जुन्याच पट्ट्यावर मोजा, मामा,” मीना सहज म्हणाली.

त्यांनी मोजलं. पुढच्या झाडापाशी मात्र त्यांनी आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग गुंडीकडे, आणि पाठ ताठ केली.