साडूंची कादंबरी कोल्हारला जाते

जगातल्या कुठल्याही भांडणाचं मूळ छप्पर, वारा आणि पाणी या तिघांतच सापडतं, असं माझ्या साडूंचं ठाम मत आहे. पारनेरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून ते निवृत्त झाले आणि कादंबरी लिहायला बसले. तेव्हापासून त्यांच्याकडे पाहुणा म्हणून जाणं धोक्याचं झालं. एकदा भर उन्हाळ्यात त्यांनी मला जेवणानंतर पत्र्याच्या पडवीत बसवलं आणि विचारलं, "हिच्या हातचं कालवन कसं झालं हुतं?" 'ही' म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या आक्का. घामाच्या धारा पुसत मी म्हणालो, "जरा खारटच." मग त्यांनी अंगणातल्या लिंबाखाली खाट टाकून दिली, घटकाभर वारा लागू दिला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हणालो, "झकास होतं की." साडू खूश. "बगा पाव्हणं, मानूस त्योच, कालवन तेच. निस्तं छप्पर बदललं. आन तुमी लोक गोष्टीत लिहिता, त्याचं मन पालटलं." आक्कांनी त्या दिवशी मला चहा विचारला नाही.

मीही हौसेनं एक कथा लिहिली होती. ती वाचून साडू एवढंच म्हणाले, "बाई भर दुपारी चुलीपुढं तीन पानं भांडतीय, आन कुनालाच घाम न्हाई?" मी पुन्हा लेखणी उचलली नाही.

त्यांची स्वतःची नायिका माळावरची. टँकरची वाट बघता बघता तिचं बोलणंही पाण्यासारखं जपून झालेलं. भावाशी जुना अबोला. शेवटी तो दारात येऊन उभा राहतो आणि तिथंच कादंबरी अडली होती, कारण बाई बोलेना. साडू रोज पत्र्याखाली बसून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.

तेवढ्यात आक्कांच्या गुडघ्यांनी दगा दिला. हंडे उचलवेनात. कोल्हारला प्रवरेकाठी दिलेली लेक कधीची बोलावत होती, पण साडू हटून बसले. "नदीकाठी गेलो तर माजी बाई बडबडी हुईल. सारी कादंबरी वाया." आक्का जन्मात पहिल्यांदाच उलटून बोलल्या. "तुमच्या बाईचं तुमी बगा. मी चालले." साडूंनी कपाळाला हात लावला आणि कागदांची पिशवी घेऊन मागोमाग निघाले.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "घात झाला, पाव्हणं. बाई बोलली."

मी धावतच कोल्हार गाठलं. आक्का घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. साडूंनी शेवटचं पान वाचून दाखवलं. बाई दारातल्या भावाकडे बघते आणि म्हणते, "ऊन लई हाय. आत ये. जेवलास का?"

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पर मी तिकडंच बसून ऱ्हायलो असतो, तर उपाशी गेला असता त्यो." मला त्यांची फार माया आली.

"पण साडू, नदी बघून ती बदलली, असं वाचकाला कळणार कसं?"

"ती कुठं बदलली? ती माळावरच हाय," ते म्हणाले. "जागा बदलली ती माजी."

मग कागद पिशवीत ठेवून ते आक्कांच्या शेजारी पायरीवर टेकले. पारनेरचं घर बंद पडल्याची हुरहूर मला होतीच, पण त्या घरात या दोघांना असं शेजारी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.