हिरवं बदक

लेकीच्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर बुटांची रांग दिसली आणि मला एकदम ते बदक आठवलं. आमच्याही शाळेत चपला बाहेर काढून आत जायचं. मग काळ्या स्क्रीनवर एक हिरवं बदक नदी ओलांडायचं. काय बरं नाव होतं त्या खेळाचं? इंटरनेटवर शोधशोध शोधलं. सापडलेली सगळी बदकं पिवळी, आणि त्यांची धून भलतीच. माझ्या बदकाची धून मला अजून पाठ आहे.

शेवटी तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनीताला फोन लावला आणि ती धून गुणगुणून दाखवली.

"अगं, त्या कॉम्प्युटरला आवाज कुठे होता?" ती हसली. "हे तर तूच गुणगुणायचीस. आणि त्यावर सगळंच हिरवं दिसायचं."

नदी तरी होती का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.